तिसऱ्या गाण्यातलं घोडेगाव

आमच्या डॉक्टरांनी आयुष्यात एकच इंग्रजी रेकॉर्ड विकत घेतली, आणि तीही कव्हरवरची गाय लंगडत होती म्हणून.

हे डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. सरकारी कागदावर ते डॉक्टरही नव्हते, पशुधन पर्यवेक्षक होते. पण अडलेली गाय ज्याच्या हातानं मोकळी होते त्याला नगरजवळच्या घोडेगावात डॉक्टरच म्हणतात. मी बावीस वर्षांपूर्वी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला गेले आणि त्यांच्या घरातली वरची खोली भाड्यानं घेतली. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. "जेवन जातं का नीट?" एवढंच विचारलं. जातं म्हटल्यावर किल्ली हातात ठेवली. माणूस असो की म्हैस, वैरण नीट खात असेल तर त्यांना पुढची चौकशी करायची गरज वाटत नसे.

वयाचंही तसंच. जनावरांच्या बाजारात बैलाचं वय दातांवरून सांगतात. दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि मग जुळलेला, म्हणजे सगळे दात येऊन पुऱ्या वयाचा झालेला. डॉक्टर तीच मोजणी माणसांना लावत. मी राहायला आले त्या आठवड्यात अंगणात बसलेल्या चार लोकांसमोर म्हणाले, "बाई अजून चार दातीच हायेत." मी रागानं जिना चढून गेले. मागून काकू वर आल्या. काकू म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, घरातल्या एकमेव शहाण्या व्यक्ती. त्या म्हणाल्या, "अगं, चार दाती म्हंजी ऐन उमेदीतली. त्यांनी मला कवा म्हटलं न्हाई तसं." पुढे मला बघायला मुलगा आला, तर डॉक्टर त्याला सारखे विनोद सांगत होते. तो हसला की पुढे वाकून बघत होते. पाहुणे गेल्यावर त्यांनी निकाल दिला, "सहा दाती हाय. पन गुनाचा." त्या गुणाच्या माणसाशी माझं लग्न झालं. तो अजूनही डॉक्टरांसमोर तोंड मिटून हसतो.

तर ती रेकॉर्ड. डॉक्टर नोकरीत नवे होते तेव्हा औषधं आणायला नगरला गेले होते. जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगात त्यांना हे कव्हर दिसलं. लाकडी कुंपणाला टेकून उभी असलेली लांब केसांची पाच अमेरिकन पोरं, आणि त्यांच्या मागे एक तांबडी-पांढरी गाय. तिचा पुढचा उजवा पाय जमिनीपासून जरासा उचललेला.

"पाच टोनगे गाईकडं पाठ करून हसत हुबे," डॉक्टर सांगत, "आन ती बिचारी पाय टेकीना. मला बगवंना. घेतली आन आलो."

घरी रेकॉर्ड वाजवायला काहीच नव्हतं. दोन वर्षं ती भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती आणि डॉक्टर येताजाता गाईचा पाय बघत होते. शेवटी त्यांनी कव्हरच्या मागे छापलेल्या पत्त्यावर कंपनीला पत्र लिहिलं. खूर पोटॅशच्या पाण्यानं धुवा, खडा असेल तर काढा, चार दिवस कोरड्यात बांधा. उत्तर आलं नाही. त्याचा डॉक्टरांना राग नव्हता. "बरी झाली आसंल. बरं झाल्यावर कोन पत्र लिहितंय?"

मग एका लाउडस्पीकरवाल्याची म्हैस त्यांनी वाचवली आणि त्यानं उपकार म्हणून आपला जुना रेकॉर्ड प्लेअर आणून दिला. त्याचा आतला रबरी पट्टा कुजला होता. डॉक्टरांनी सायकलच्या ट्यूबची बारीक पट्टी कापून बसवली. पट्टी जरा सैल बसली आणि रेकॉर्ड हळू फिरायला लागली. हे तेव्हा कुणाच्या लक्षात येणार? घरात दुसरी रेकॉर्डच नव्हती. त्यामुळे ती पाच पोरं आमच्याकडे कायम दुपारी पुरणपोळी खाऊन आडवी झाल्यासारखी गात. डॉक्टरांना ते फार आवडायचं. "गडी निवांत हायेत. उगं घाई न्हाई."

तिकडे या प्रकाराला कंट्री रॉक म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं. म्हणजे गाणं खेड्यातलं आणि साज शहरी, विजेच्या गिटारींचा. डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. "म्हंजी संकरित. गावठी गाय, जर्सी वळू." त्या दिवसापासून ते 'गावठी रॉक' म्हणायला लागले. त्यात एक वाद्य होतं, आडवी ठेवलेली गिटार, तिच्या तारांवर लोखंडी कांडी सरकवत वाजवतात. ते सुरू झालं की डॉक्टर हातातलं काम ठेवत आणि स्पीकरच्या खोक्यावर तळवा टेकवत, वासराचा श्वास बघावा तसा. "बगा, आईपासून तोडल्यालं वासरू हंबरतंय," म्हणत. मी चार वर्षं इंग्रजी कविता शिकवली, पण इतकं नेमकं काही एकदाही सांगू शकले नाही.

आता तिसऱ्या गाण्याकडे येते, कारण सगळा घोळ तिथे आहे.

तिसऱ्या गाण्यात प्रत्येक कडव्याच्या शेवटी गाणारा एक शब्द लांबवतो. डॉक्टरांचं म्हणणं, तो शब्द 'घोडेगाव' आहे. आधी काकू हसल्या, मग शेजारी हसले, मग सगळ्यांनी कान देऊन ऐकलं आणि हसायचे थांबले. खरंच तसं ऐकू यायचं. 'घोऽडेऽगोऽ' असं काहीतरी, आणि शेवटी वाऱ्यासारखा एक 'व'. डॉक्टरांनी त्याची कॅसेट भरून घेतली आणि बाजाराच्या दिवशी सकाळी, हरवलेल्या जनावरांची नावनिशी पुकारायच्या आधी, भोंग्यावरून ते गाणं लागायला लागलं. आमच्या बाजारात लांबलांबून व्यापारी येतात. गाई उतरवता उतरवता ते ओळ संपायची वाट बघायचे आणि एकदम ओरडायचे, "घोडेगाऽव!" परगावचे लोक चकित व्हायचे. गावाला तोवर कुणी गाण्यात घेतलं नव्हतं.

याला विरोध करणारा एकच माणूस होता, काकूंचे भाऊ. शेवगावला बाजार समितीत नोकरी करून निवृत्त झालेले, कडक टोपीचे, पुरावा मागणारे. त्यांना मी मामा म्हणायची. दर भेटीत ते डॉक्टरांना म्हणायचे, "दाजी, अमेरिकेतल्या मान्साला शेवगाव ठावं न्हाई, तुमचं घोडेगाव कुठनं ठावं?"

मी इंग्रजीची बाई म्हणून राहायला आले आणि डॉक्टरांना पुरावा सापडला. पहिल्याच महिन्यात मामा आले असताना त्यांनी मला खाली बोलावलं, रेकॉर्ड लावली आणि म्हणाले, "बाई, तुमी विंग्रजीच्या. तुमचा शब्द म्हंजी सरकारी शिक्का. काय म्हनतोय, सांगा."

मी ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं. देवाशपथ सांगते, मला एक अक्षर कळलं नाही. मी बी.ए., बी.एड., अमेरिकन उच्चार कधी आयुष्यात ऐकलेले नाहीत, आणि हा गडी तर झोपेत बोलल्यासारखा. पण समोर डॉक्टरांचा चेहरा होता. मागे काकू चहाचा ट्रे धरून उभ्या. आणि 'मला कळत नाही' म्हणायला चोवीस वर्षांच्या इंग्रजीच्या बाईची जीभ रेटेना. मी म्हणाले, "घोडेगावच म्हणतोय."

मामांची टोपी उतरली. डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा बघितलं, मान हलवली आणि काकूंना म्हणाले, "बाईंला दोन पोळ्या जास्त वाढ." त्या पोळ्या मी चार वर्षं खाल्ल्या.

मग माझं लग्न झालं, मी नगरला आले. जिल्ह्याचं नाव बदललं, पण आमच्या तोंडी अजून नगरच. डॉक्टरांचा फोन दिवाळीला आणि बैलपोळ्याला येतो, न चुकता. गेल्या हिवाळ्यात तो मध्येच आला.

"बाई, आपली प्लेट परत निघाली!" रेकॉर्डला ते प्लेट म्हणतात. "वाढीव! आमच्या पोरीनं पुन्याहून पाठवलीया, संगं नवा प्लेअर बी. दोन प्लेटा हायेत. एक आपली जुनी, धुऊनपुसून. आन दुसरीत त्यांनी तवा ठिवून दिल्यालं समदं. तालमी, चुकल्याली गानी, आपापसातलं बोलनं. आन जाड पुस्तक हाय. त्यात गान्याचे शब्द छापलेत म्हनं."

"वाचलेत का तुम्ही?" मी विचारलं.

"छे! तुमी या. तुमच्या हातानं उघडायचं. रविवारी सकाळी या. मेव्हन्यालाबी बोलवलंय, बाजारातले दोघंतिघं बी येतेत."

एसटीत बसून तासभर मी एकच गोष्ट मनाशी घोकत होते. गेल्या गेल्या डॉक्टरांना बाजूला घ्यायचं आणि सांगायचं की डॉक्टर, मी तेव्हा थाप मारली होती. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस. माझ्या एका शब्दाच्या जोरावर त्यानं पुढेही अख्ख्या बाजाराला ओरडायला लावलं. आता चारचौघांत पुस्तक उघडणार, त्यात भलतंच काहीतरी छापलेलं असणार, आणि मामा ते मोठ्यानं वाचणार. डॉक्टरांचं हसं होईल आणि ते माझ्यामुळे होईल. मला खरोखर रडू येत होतं.

पण बाजूला घेणार कुठे? अंगणात सतरंजी, सतरंजीवर मामा, दोन गाईंचे व्यापारी, नव्या प्लेअरला हार, समोर नारळ. डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून दारातच उभे होते. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "जुळल्या आता बाई!" आणि माझ्या हातात पुस्तक दिलं.

मी उघडणार तेवढ्यात त्यांनी ते परत ओढून घेतलं. त्यांना आधी फोटो बघायचे होते. त्याच कुंपणाजवळ त्याच दिवशी काढलेले आणखी फोटो वाढीव आवृत्तीत छापले होते. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला, पान नाकाजवळ नेलं, आणि एकदम किंचाळले, "आगं ए! बाहेर ये! बरी हाय!"

काकू पीठभरल्या हातांनी धावत आल्या. फोटोत ती गाय दुसऱ्या बाजूनं दिसत होती. चारी पाय जमिनीवर, अंग टाकलेलं नाही, तोंडात गवत. पहिल्या फोटोत नुसती माशी हाकलत असणार. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी त्या गाईच्या फोटोला हळदीकुंकू लावलं. मामा म्हणाले, "दाजी, ती मरून पन्नास वर्सं झाली आसतील." डॉक्टर म्हणाले, "मेली आसंल. पन लंगडत न्हाई मेली."

मग रेकॉर्ड लावली.

पहिल्या सुरालाच सगळे दचकले. नवा प्लेअर, बरोबर वेग. आमची निवांत माणसं तुरुतुरु पळायला लागली. जाडा आवाज कोवळा झाला. एक व्यापारी म्हणाला, "डाक्टर, हे त्यांचं पोरगं गातंय व्हय?" तिसरं गाणं आलं, कडवं संपलं, आणि घोडेगाव आमच्यासमोरून थांबा न घेणाऱ्या एसटीसारखं निघून गेलं. कुणाला ओरडायलाही सापडलं नाही.

मामांनी घसा साफ केला. "आता वाचा मॅडम. काय छापलंय?"

मी पान उघडलं. तिसरं गाणं, पहिल्या कडव्याची शेवटची ओळ. 'गॉड, दे गो.' देवा, ते निघाले. कुणीतरी कुठूनतरी निघून चाललंय, त्यांना बघत उभा राहिलेला माणूस असं म्हणतोय. ओळ वाईट नव्हती. पण ते घोडेगाव नव्हतं.

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. पुन्हा 'घोडेगावच' म्हणणं सोपं होतं. पुस्तक माझ्याच हातात होतं, मामांचं इंग्रजी बेताचं. पण मला ते जमलं नाही. मी ओळ वाचली, अर्थ सांगितला, आणि त्याच दमात बाकीचंही सांगून टाकलं. "डॉक्टर, मी तेव्हा खोटं बोलले. मला काहीच कळलं नव्हतं. कळत नाही म्हणायची लाज वाटली. माझं चुकलं."

मामांनी मांडीवर थाप मारली. "बावीस वर्सं! बावीस वर्सं माझी टोपी उतरवली तुमी!" व्यापारी खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत बसले. डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. इतका उतरलेला मी तो कधी पाहिला नव्हता. तरी ते उठले, रेकॉर्ड काढली, पुसली आणि म्हणाले, "वाढीव बी ऐकू. पोरीनं हौसेनं पाठवलीया."

दुसऱ्या रेकॉर्डवर तिसऱ्या गाण्याची तालीम होती. पक्कं गाणं बसवण्याआधीची, हळू, चाचपडत केलेली. आणि आमचा निवांत गडी परत आला. तोच जाडा, सुस्त आवाज. डॉक्टरांचा तळवा आपोआप खोक्यावर गेला. कडवं संपत आलं, गाणाऱ्यानं आवाज लांबवला, आणि अंगणातल्या प्रत्येकानं ऐकलं. 'घोऽडेऽगोऽव'. लख्ख. काकूंनी तोंडावर हात ठेवला.

गाणं मध्येच थांबलं. आत कुणीतरी हसलं आणि बोलणं सुरू झालं. डॉक्टर माझ्याकडे वळले. "काय म्हनत्यात?"

आता माझे कान बरे आहेत. बावीस वर्षांत सिनेमे बघून, मुलांबरोबर मालिका बघून ते तयार झालेत. मी दोनदा ऐकलं आणि सांगितलं. "ढोलकीवाला विचारतोय, शेवटी ते काय म्हणतोस? गाणारा म्हणतोय, शब्द सुचला नाही, तोंडाला आलं ते गायलं, नंतर बघू काय घालायचं ते. मग ढोलकीवाला विचारतोय, गाव आहे का कुठलं? तर हा म्हणतोय, असेल कुठेतरी."

मग मामा हसायला लागले. "मॅडम, आता तरी खरं बोला! परत दाजीचं मन राखताय व्हय?"

"शपथ घेते, मामा! तेच बोलतायत!"

व्यापारीही हसायला लागले. आयुष्यात खोटं बोलले तेव्हा सरकारी शिक्का होते, आणि आता अक्षर न् अक्षर खरं सांगत होते तर विश्वास ठेवायला कोणी नाही. मी 'गाव' या शब्दावर बोट ठेवून दाखवणार तरी कुठे? बोलणं पुस्तकात छापलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी हात वर केला. "गप बसा रं. बाई खरं बोलत्यात."

"तुमाला काय ठावं?" मामा म्हणाले.

"खोटं बोलताना त्यांचा आवाज बारीक हुतो. तवा झालता. म्या तवाच वळखलं हुतं, बाईंला काय कळलं न्हाई म्हून. जनावर कुठं दुखतंय ते सांगत न्हाई, आवाजावरनंच वळखाया लागतं." मग माझ्याकडे बघून, अगदी सहज म्हणाले, "घाबरल्याला आवाज हुता तो. लबाडाचा न्हाई. म्हून तर पोळ्या जास्त वाढाया लावल्या."

मी पदर डोळ्यांना लावला. बावीस वर्षं मी ज्या थापेचं ओझं वाहिलं, ती त्यांनी पहिल्याच दिवशी तपासून, निदान करून, औषधासकट बाजूला ठेवली होती. आणि मला काही बोलले नव्हते. मामांनीसुद्धा माझ्याकडे बघायचं टाळलं. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हळूच म्हणाले, "लावा परत. नीट ऐकूद्या मला."

डॉक्टरांनी सुई उचलून मागे ठेवली. गाणं पुन्हा सुरू झालं. या वेळी कडव्याच्या शेवटी सगळे ओरडले, व्यापारी, काकू, मी, आणि सगळ्यांत मोठ्यानं मामा. पुन्हा गाणं थांबलं, पुन्हा ते हसू आलं. ढोलकीवाल्यानं विचारलं, "इज दॅट अ प्लेस?" गाणारा म्हणाला, "मस्ट बी, समव्हेअर."

डॉक्टर गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले, तोंड स्पीकरच्या अगदी जवळ नेलं, आणि बहिऱ्या पाहुण्याला पत्ता सांगावा तसे ओरडले, "हाय ना! हितं हाय! बाजाराच्या दिवशी या!"